एकाने कमी

बोडखे बाईंनी सकाळी साडेसात वाजता ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला दहा वाजेपर्यंत एकशे चाळीस अंगठे आले. अंगठा दाखवणं म्हणजे वाचणं नव्हे, हे छत्तीस वर्षं वह्या तपासून बाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या खूश होत्या.

मेसेज साधाच होता. ‘गणितमित्रांनो, आपल्या जिल्ह्याच्या संख्येतून एक वजा करा आणि उरलेल्या संख्येचे तुकडे पाडून पाहा. दोन, दोन, तीन, सात, एकोणीस... पूर्ण यादी सोबत जोडली आहे. इतकी लेकुरवाळी संख्या मी तरी पाहिलेली नाही.’

जिल्ह्याची संख्या म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी जिल्ह्यात साक्षपेटी आली. ज्याने गुन्हा पाहिला, पण नाव घेऊन सांगायची छाती होत नाही, त्याने आपल्या फोनवर साक्ष लिहायची. फोन ती एका कुलूपबंद पाकिटात घालतो आणि जिल्ह्याच्या फलकावर लावतो. फलक सगळ्यांना खुला, कारण एखादं पाकीट कुणी गुपचूप गायब केलं तर ते लगेच दिसावं. पाकीट मात्र उघडणार ते फक्त न्यायाधीश, तेही सुनावणीच्या दिवशी.

या सगळ्या कुलपांच्या मुळाशी एक प्रचंड मोठी मूळ संख्या लागते. मूळ म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी. ही संख्या ठरवायची कुणी? कंपनीने दिली तर लोक म्हणणार, यात मेख आहे. तेव्हा साक्षपेटीच्या समितीतल्या एकमेव शिक्षिकेने, म्हणजे बोडखे बाईंनी, सुचवलं होतं की जिल्ह्यात झेडपीच्या सहाशे सतरा शाळा आहेत. प्रत्येक शाळेतल्या एका मुलाने घागरीतून चिठ्ठी काढावी, शून्य ते नऊ. ते आकडे ओळीने मांडले की सहाशे सतरा आकडी संख्या झाली. लबाडीला जागाच नाही. ती संख्या बहुधा मूळ नसणार. मग तिथून एकेक पाऊल पुढे जायचं आणि मूळ संख्या भेटली की थांबायचं.

तसंच झालं. अवघी चव्वेचाळीस पावलं पुढे संख्या मिळाली. सहाशे पंधरा शाळांचा आकडा जसाच्या तसा राहिला. फक्त शेवटच्या दोन शाळांचे बदलले, शून्याचा पाच झाला आणि नवाचा तीन. त्या दोन्ही शाळांत बाई स्वतः पेढे घेऊन गेल्या आणि मुलांना समजावून आल्या, की तुमचा आकडा हरवला नाही, त्याला बढती मिळाली. नवाचा तीन झालेल्या शाळेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, आमची तर उतरली की.” बाईंना हसू आवरलं नव्हतं.

आता बाई त्या संख्येवर मुलांसाठी पुस्तिका लिहीत होत्या. आकड्यांची बेरीज दोन हजार सातशे शहात्तर येते, म्हणून तीनने भागलं की एक उरतो, असं एक पान. ही संख्या खडूने फळ्यावर लिहायची तर किती फळे लागतील, असं एक पान. आणि काल रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी पाटीला एक काम लावून ठेवलं होतं. शाळांना मिळालेल्या उन्हावर चालणाऱ्या टॅबलेटला सगळा जिल्हा पाटीच म्हणायचा. काम हे, की आपल्या संख्येच्या आधीच्या संख्येचे जितके पडतील तितके तुकडे पाड. सकाळी उठून बघतात तर अकरा तुकडे पडलेले, आणि पलीकडे एक न फुटणारा डोंगर. बाईंनी चहासुद्धा न घेता मेसेज टाकला.

दहा वाजता त्या पुस्तिकेच्या पुढच्या पानावर एक कोडं लिहायला बसल्या.

‘माझ्या ओच्यात तिसापेक्षा कमी बोरं आहेत. दोन-दोन वाटली तर एक उरतं. तीन-तीन वाटली तर काही उरत नाही. पाच-पाच वाटली तर दोन उरतात. सांगा, किती?’ उत्तर सत्तावीस. खाली त्यांनी लिहिलं, ‘बघा मुलांनो, पूर्ण संख्या कुणीच सांगितली नाही. नुसते उरलेले तुकडे जोडले आणि लपलेली संख्या सापडली.’

लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

भीती वाटली की बाई समोर पाचवीचा वर्ग बसला आहे असं धरून मनातल्या मनात शिकवायला लागत. शिकवताना चूक सापडली तर भीती जाई. आत्ताही त्यांनी तेच केलं.

मुलांनो, एक घड्याळ घ्या, पण त्याला बाराऐवजी तेवीस घरं. पाचाने गुणत चला, आणि तेवीस झाले की काढून टाका. पाच. पाच पाचे पंचवीस, तेवीस गेले, दोन. दोन पाचे दहा. दहा पाचे पन्नास, सेहेचाळीस गेले, चार. किती वेळा गुणलं ते माझं गुपित. तुम्हाला दिसतो फक्त काटा. काटा आठवर आहे, मी किती वेळा गुणलं? बोटं मोजून सांगाल, सहा वेळा. पण घड्याळाला सहाशे सतरा आकडी घरं असतील तर? पुढे जाणं सोपं, उलटं येणं जगाच्या अंतापर्यंत होणार नाही. साक्षीदाराचा फोन असंच एक गुपित मनात धरतो, काटा कुठे थांबला तेवढं पाकिटावर लिहितो, आणि त्या गुपितातून कुलूप बनतं.

आता उलटं येण्याची एक चोरवाट आहे. ती जाते घरांच्या संख्येतून एक वजा केलेल्या संख्येकडून. एकतीस घरांचं घड्याळ घ्या. आधीची संख्या तीस, म्हणजे दोन, तीन आणि पाच. मग गुपिताला दोनाने भागून काय उरतं ते वेगळं काढता येतं, तीनने वेगळं, पाचाने वेगळं. प्रत्येक काम चिमुकलं. आणि शेवटी बोरांच्या कोड्यासारखं जोडायचं.

म्हणून शहाणी माणसं अशी मूळ संख्या निवडतात की तिच्या आधीच्या संख्येचे दोनच तुकडे पडावेत. एक दोन, आणि दुसरा डोंगर. चिमुकलं काम शिल्लकच राहू नये.

आपली संख्या तशी नाही, मुलांनो.

वर्गातून कुणीच हात वर केला नाही. बाईंनी कागद ओढला आणि अकरा तुकड्यांचा गुणाकार किती आकडी होतो ते पाहिलं. छत्तीस आकडी. साक्षीदारांचे फोन जुने आणि स्वस्त, म्हणून त्यांचं गुपित सहाशे आकडी न ठेवता चाळीस आकडी ठेवलं होतं, हे त्यांना समितीच्या बैठकीपासून माहीत होतं. चाळिसातले छत्तीस गेले. चार आकडे उरले, म्हणजे फक्त दहा हजार शक्यता. त्या तर पाटी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तपासेल.

त्यांनी फोन उचलला. ग्रुपवर मेसेज तीनशे नव्वद जणांनी पाहिला होता. सतरा ठिकाणी पुढे गेला होता.

साक्षपेटीची यंत्रणा सांभाळणारा मकरंद तिडके जिल्ह्याच्या गावी बसायचा. त्याने दुसऱ्या घंटीला फोन घेतला.

“मॅडम, मीच करणार होतो तुम्हाला. बघितला मेसेज.”

“कळलं ना तुला काय झालंय ते?”

“कळलं. सकाळपासून तेच कागदावर करतोय. मी तेव्हा म्हणालो होतो, खास संख्या घेऊ म्हणून.”

“म्हणाला होतास. आणि मी म्हणाले होते की तशा संख्या फार विरळ, शेवटचे सहा-सात आकडे बदलावे लागतील. शेवटी कोण येतं? पटाप्रमाणे ओळ लावलेली. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या चार-पाच मुलांच्या शाळा. दरवेळी पुसायचं ते त्यांचंच का, असं विचारलं मी तुला.”

“आणि मला काही बोलता आलं नाही. मी स्वतः तांड्यावरच्या शाळेतला, मॅडम. अशा संख्येचे इतके बारीक तुकडे पडायची शक्यता फारच कमी होती, हे खरं आहे हो.”

“कमी होती. शून्य नव्हती. आता काय करायचं ते सांग.”

“आजपासून नवी संख्या लावतो. पण जुनी पाकिटं फलकावर आहेत, त्यांच्या प्रती कुणी कुणी उतरवून घेतल्यात देव जाणे. ती नाही परत घेता येत. दोनशे अकरा आहेत.”

“ज्यांची आहेत त्यांना सावध करू.”

“कुणाची आहेत ते कुठे माहीत आहे? माहीत होऊ नये म्हणून तर पेटी केली. जाहीर सांगायचं तर ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाही कळणार.” मकरंद आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, एक सुचवू? गप्प बसू. बहुतेक सुनावण्या तीन आठवड्यांत आहेत. तुमच्या ग्रुपवर गणित वाचतं कोण? लोक अंगठा दाखवतात आणि लग्नाचे फोटो बघायला जातात. मेसेज डिलीटसुद्धा करू नका. डिलीट केलं की सगळ्यांना तेच हवं असतं.”

मकरंदचं म्हणणं वेडगळ नव्हतं. तेवढ्यात कानाशी धरलेला फोन थरथरला. ग्रुपवर उत्तर आलं होतं. नाव नाही, नंबर ओळखीचा नाही, फोटोच्या जागी जास्वंदाचं फूल.

‘बाई, फारच छान. फोनमधलं गुपित किती आकडी असतं, हे कुठे लिहिलेलं आहे का?’

बाईंनी ते मकरंदला वाचून दाखवलं.

“हा ज्याला समजलंय त्याचाच प्रश्न आहे,” मकरंद म्हणाला.

“असतं का लिहिलेलं?”

“असतं. नियमावलीच्या परिशिष्टात. शोधलं तर तासाभरात सापडेल.”

“मग तीन आठवडे कुठले रे आणलेस?” बाई म्हणाल्या. “एकच रस्ता आहे. ती पाकिटं आपणच आधी उघडायची. नाव-नंबर बघायचा आणि एकेकाला फोन करायचा.”

“मॅडम, तो गुन्हा आहे. साध्यासुध्या कलमाखाली नाही.”

“कलम मला माहीत नाही. गुन्हा आहे एवढं माहीत आहे. एका पाकिटाला माझ्या पाटीवर दहा-बारा मिनिटं लागतील. तुझ्याकडे मोठी मशीन आहेत.”

“माझ्या नोकरीवर...” तो म्हणाला आणि थांबला. “मला जरा विचार करू द्या.”

“कर. मी तोवर सुरुवात करते. न्यायाधीशांना पत्र लिहून संध्याकाळी स्वतः नेऊन देईन. त्यात तुझं नाव नसेल.”

पत्र लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि पाटीने करायची कामं लिहायला तासभर. चाळीसेक ओळी. एरवी असा तास त्यांना सणासारखा वाटला असता. आज दर दोन ओळींनी त्या फोनकडे बघत होत्या. जास्वंदाच्या फुलाने पुन्हा काही विचारलं नव्हतं. ते जास्त वाईट होतं.

त्या कासारखेड्याला निघाल्या, कारण दोनशे अकरांपैकी एक पाकीट कुणाचं ते त्यांना माहीत होतं.

गोदावरी काळे त्यांच्या हाताखाली दहावीपर्यंत शिकली होती. आता कासारखेड्याच्या अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा पुण्याला कंपनीत, आणि ही सासू आणि दिराबरोबर गावी. मागच्या उन्हाळ्यात नदीच्या घाटावर वाळूची चोरी अडवायला गेलेल्या तलाठ्याच्या अंगावरून एक हायवा ट्रक गेला. ‘अज्ञात वाहन’ अशी नोंद झाली. त्यानंतर महिन्याभराने गोदा बाईंच्या घरी आली होती. तिने काही सांगितलं नाही, फक्त विचारलं होतं, “बाई, ही पेटी पक्की हाय का? तुमी सांगा, म्हंजी मी टाकते.” तिचा दीर दिगंबर वाळूवाल्या शेठचा हायवा चालवतो, हे बाईंना माहीत होतं. पुढचं विचारायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, “गोदा, माझ्या शब्दापेक्षा पक्की आहे.”

टमटममध्ये बसून सात किलोमीटर जाताना त्या वाक्याने बाईंचा पिच्छा सोडला नाही.

अंगणवाडीतली मुलं जेवून गेली होती. गोदा ताटल्या घासत होती. बाईंना बघून ती उठली, पदराने हात पुसत हसली, आणि मग बाईंचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

बाईंनी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. घड्याळ नाही, बोरं नाहीत. फक्त एवढं, की कुलूप कच्चं निघालं, ते माझ्या हट्टामुळे कच्चं राहिलं, आणि ते कसं उघडायचं हेही मीच आज सकाळी गावभर सांगून बसले.

गोदा खाली बसली. “म्हंजी दिगूभाऊजीला कळलं?”

“अजून नाही. बहुतेक नाही. पण कुणीतरी शोधायला लागलंय, आणि ते कुणाचं माणूस आहे ते मला माहीत नाही.”

“तुमी म्हणलात पक्की हाय म्हणून.”

“म्हणाले.”

“मी तुमच्या शब्दावर टाकलं, बाई. पेटीबिटी मला काय कळायलीय?”

बाईंनी मान खाली घातली. छत्तीस वर्षांत त्या कुठल्याच विद्यार्थ्यापुढे अशा उभ्या राहिल्या नव्हत्या. गोदाच म्हणाली, “उघडा मग. आधी माझंच उघडून दावा. खरंच उघडतंय का नुसतंच भ्यायलात, ते तर कळू द्या.”

बाईंनी फलकावरून त्या गुन्ह्याचा क्रमांक शोधला. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. क्रमांकाखाली तीन पाकिटं होती.

“तीन?” गोदा म्हणाली. “आनखी दोगं कोण?”

पहिल्या पाकिटाला अकरा मिनिटं लागली. पाटीवर आकडे सरकत होते. दोनाचा उरला एक. तीनचा उरला दोन. सातचा शून्य. मोठे तुकडे आले तशी पाटी तापली, बाईंनी ती मुलांच्या ओल्या फडक्यावर ठेवली. मग अक्षरं उमटली. ‘मी गोदावरी सुभाष काळे, राहणार कासारखेडा. माझा दीर दिगंबर याने पहाटे गाडीचं चाक धुतलं ते मी पाहिलं. पाणी लाल होतं.’

गोदाने आपलंच लिहिलेलं दोनदा वाचलं, जसं दुसऱ्या कुणाचं आहे.

“सासूबाई तवा उठल्या होत्या,” ती म्हणाली. “त्यांनीबी बघितलं. आन् दुसऱ्या दिशी त्याच जागी शेणानं सारवून घेतलं, तेवढंच. वर्षभर मी त्यांच्या हातची भाकर खायलेय आन् त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत न्हाई. लेकाचा डाग पुसला त्यांनी. कळलं तर आधी त्याच माझा गळा धरतील.”

बाईंनी दुसरं पाकीट लावलं. बाहेर एक शेळी दाराला शिंगं घासत होती.

बारा मिनिटांनी अक्षरं आली. साक्ष बोलून लिहिलेली होती, शब्दांत अंतर नव्हतं, पण वाचता येत होती.

‘मी सोजरबाई काळे. लिवता येत न्हाई, फोनला सांगायलेय. तलाठी भाऊसायब माझ्या लेकाच्या गाडीखाली मेले. दिगंबर माझा धाकला लेक हाय. चाक धुताना मी बघितलं. सुनेला काय ठावं न्हाई, तिला यात वढू नका.’

गोदाने पाटी हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली. मग ती तोंडात पदर कोंबून बसली.

बाईंनी तिसरं पाकीट लावलं आणि म्हणाल्या, “चल. त्यांना घेऊन लगेच निघायचं. सरळ न्यायाधीशांकडे.”

काळ्यांचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात हायवा उभा होता, त्याच्या सावलीत बाज टाकून दिगंबर फोन बघत पडला होता. बाईंना पाहून तो लगेच उठला आणि वाकून पाया पडला. तोही त्यांचाच विद्यार्थी, नववीत गणितात दोनदा राहिलेला.

“बाई, आमच्याकडं कसं काय वाट चुकलात?”

“सोजरबाईंकडे काम आहे. पापड करायचेत, माणसं हवीत.” बाईंना स्वतःचा आवाज वर्गात फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिल्यासारखा वाटला.

“न्या की. दिवसभर बसून माझ्यावर खेकसायलीय.” तो हसला आणि पुन्हा फोनकडे वळला. फोनवर काय होतं ते बाईंना दिसलं नाही.

आत सोजरबाई भाकरी भाजत होत्या. साठी उलटलेली, काटक बाई. बाईंनी चुलीजवळ बसून अगदी हळू आवाजात सांगितलं, “सोजरबाई, पेटी फुटली. त्यातलं लोकांना कळायच्या आत इथून निघायला हवं.”

सोजरबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी भाकरी उलथली, मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. बराच वेळ पाहिलं.

“तुजंबी व्हतं त्यात?”

गोदाने होकारार्थी मान हलवली.

“मंग येडे, वर्षभर कामून गप बसलीस?”

“तुमी कामून बसलात?”

“मी आई हाय त्याची,” सोजरबाई म्हणाल्या. “तुला काय झालं होतं?”

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दिगंबरने गाडीच्या खिडकीतून डोकावून हाक मारली, “माय, शेठनं बोलावलंय तातडीनं. येतो जाऊन.”

“जेवून जा.”

“आल्यावर.”

हायवा धुरळा उडवत गेला. शेठने का बोलावलं असेल, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सोजरबाईंनी दोन लुगडी बोचक्यात बांधली. मग चार भाकऱ्या दुरडीत घातल्या, वाटीत पिठलं काढलं, वर परात पालथी घातली.

“आत्या, चला ना,” गोदा म्हणाली.

“झाकते तेवढं. मांजर तोंड घालील.”

टमटमवाल्याला बाईंनी थांबवून ठेवलं होतं. गाव मागे पडलं तेव्हा मांडीवरची पाटी थरथरली. तिसरं पाकीट उघडलं होतं. बाईंनी नाव वाचलं, “अंबादास रोडे. कुणी ओळखतं का?”

दोघी सासू-सुना एकदमच वळल्या.

“दिगूच्या गाडीवरचा क्लीनर,” सोजरबाई म्हणाल्या. “पंधरा वर्सं हाय त्याच्यासंगं. आत्ता नाक्यावरून त्याला घेऊनच पुढं गेला आसल.”

म्हणजे तो माणूस त्याच गाडीत बसून शेठकडे चालला होता. बाईंनी साक्षीतला नंबर लावला, पण बोलायचं काय? दिगंबर हातभर अंतरावर असणार. सोजरबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला.

“अंबादास? मी सोजरबाई. आरं, तुझ्या मायला चक्कर आली, घरी निजवलंय. गाडीतून उतर आन् माघारी ये, लगी.” त्यांचा आवाज जराही हलला नाही. मग त्या ऐकत राहिल्या. फोन बंद करून त्यांनी तो बाईंना दिला.

“उतरला का?” बाईंनी विचारलं.

“न्हाई. दिगू म्हणतोय, येवढ्या उन्हात चालत कामून जातोस, गाडी वळवून सोडतो तुला दारापर्यंत.”

रस्ता एकच होता, दोन्ही बाजूंना ऊस. थोड्याच वेळात समोर धुरळा दिसला, मग हायव्याचं पिवळं तोंड. तो जवळ आला, मंदावला आणि त्यांच्या शेजारी येऊन थांबला. बाईंनी पाटी पदराखाली घेतली. गरम काच पोटाला चटका देत होती.

“माय, निघालीस बी?” वरून दिगंबर म्हणाला. “अंबादासच्या घरी कोण हाय मग?”

“शेजारणी हायत. त्याला दे इकडं, डाक्टरला घेऊन आमीच जातो. तू जा, शेठ वाट बघायलाय.”

अंबादास उतरला. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत माणूस. दिगंबरने खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. “दवाखान्याला राहू दे. लागलं तर फोन कर.” मग आईकडे पाहून म्हणाला, “माय, भाकर?”

“झाकून ठिवलीय,” सोजरबाई म्हणाल्या. “गार हुयाच्या आत ये.”

हायवा गेला. अंबादास टमटममध्ये चढला आणि रडवेल्या आवाजात विचारू लागला, मायला नेमकं काय झालं. गोदाने त्याला सरकून जागा दिली आणि कानाशी लागून सांगायला सुरुवात केली. सोजरबाई मागे बघत होत्या. धुरळा खाली बसेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

बाईंचा फोन वाजला. मकरंदचा मेसेज होता. ‘पहिली शंभर माझी मशीन घेतायत. पत्रात माझंही नाव घाला. तुम्ही शेवटाकडून या.’

बाईंनी पाटी पदराखालून काढली, फलकावरचं शेवटचं पाकीट शोधलं आणि लावलं. दोनाचा उरला शून्य. तीनचा उरला एक.